पंखा बदलू की नको?

प्रश्न: ताई, आमच्याकडे चार पंखे आहेत, सगळे सासऱ्यांच्या वेळचे. नवरा म्हणतो चारही काढून बीएलडीसी, म्हणजे ते कमी वीज खाणारे नवे पंखे, लावू, सासूबाई म्हणतात चालतोय तोवर कशाला हात लावायचा आणि बिल वाचावं म्हणून त्या पंखा कायम दोनवर ठेवतात, आम्ही घामाघूम. बरोबर कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अगं, दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत! आधी सासूबाईंच्या दोन नंबरचं बघू. भिंतीवर तो जुना मोठा डब्यासारखा रेग्युलेटर आहे का? पंखा दोनवर ठेवून अर्ध्या तासाने त्याला हात लावून बघ, गरम लागेल. वाचवलेल्या विजेतली बरीचशी तिथेच उष्णता होऊन जाते. नवीन छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मात्र दोनवर ठेवलं की खरंच वीज वाचते.

आता नवऱ्याचं. साधा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. हॉलचा पंखा दिवसाला १६ तास फिरत असेल तर महिन्याला २१-२२ युनिट वाचतात, आणि महिन्याला १०० युनिटच्या वर जात असाल तर हे युनिट वरच्या महागड्या स्लॅबमधलेच कमी होतात, म्हणजे युनिटला १० रुपये धरले तरी दोनशेच्या वर झाले. पंखा तीन हजाराला पडला आणि थंडीत बंद राहिला असं धरलं तरी दीड-दोन वर्षांत पैसे वसूल. बेडरूमचा आठ तास चालतो, त्याला दुप्पट वेळ लागेल. पण पाहुण्यांच्या खोलीतला? महिन्यातून चार दिवस फिरणारा पंखा बदलून काय मिळणार, तो आहे तसा राहू दे. चौथा नुसता हळू फिरत असेल तर आधी कपॅसिटर बदलून बघा, शंभर-दोनशेत काम होतं बहुतेक वेळा.

एक सांगायचं राहिलं, बीएलडीसीला जुना रेग्युलेटर चालत नाही, वायरमनला तो बायपास करायला सांग. स्पीड रिमोटवर असतो आणि रिमोट सोफ्याच्या फटीत जातो, आमचा दोनदा गेलाय.

हॉलचा उतरवलेला पंखा सासूबाई पुसून माळ्यावर टाकतील, टाकू दे. पाहुण्यांच्या खोलीतला जळाला की तोच खाली येईल.