बेसमेंटमधल्या संपमधून ३०० गॅलनच्या माशांच्या टँकमध्ये पाणी चढवायचं आहे. रिटर्न पंप कोणता घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही अंदाज येईल. न्यू जर्सीतलं घर. दिवाणखान्यात ८ फूट लांब, २ फूट रुंद, अडीच फूट उंच असा ३०० गॅलनचा (साधारण ११३५ लिटर) खाऱ्या पाण्याचा टँक, आणि संप, म्हणजे टँकमधून आलेलं पाणी साफ करणारी दुसरी टाकी, खाली बेसमेंटमध्ये. तिथून पाणी परत वर चढवतो तो रिटर्न पंप. संपमधल्या पाण्यापासून टँकमधल्या पाण्यापर्यंत उभं अंतर १३ फूट. पाइप आडवा वळसा घेऊन जातो, म्हणून त्याची लांबी ३५ फूट आणि सहा एल्बो (काटकोनी वळणं). दुकानदाराचं म्हणणं, टँकच्या दहापट, म्हणजे ताशी ३००० गॅलनचा पंप घ्या.

माझं सरळ मत: तो घेऊ नका. खोक्यावर छापलेले ३००० गॅलन हे शून्य उंचीवरचे असतात, म्हणजे पंपाला काहीच उचलायचं नसताना. त्याच्याच शेजारी ‘कमाल हेड’, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवतो, ते लिहिलेलं असतं. तिथपर्यंत पाणी चढतं, पण त्या उंचीवर बाहेर एक थेंबही पडत नाही. तुम्हाला या दोन टोकांच्या मधला आकडा हवा आहे, आणि तो खोक्यावर नसतो. तो पंपाच्या कर्व्हवर, म्हणजे कोणत्या उंचीला किती पाणी मिळतं ते दाखवणाऱ्या आलेखावर असतो. जो उत्पादक कर्व्ह देत नाही त्याचा पंप बेसमेंटसाठी विचारातच घेऊ नका.

आता मुळात पाणी किती हवं ते पाहू. दहापटीचा नियम जुन्या काळचा आहे. तेव्हा टँकमधला प्रवाहसुद्धा रिटर्न पंपाच्याच जिवावर चालायचा. आज ते काम वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्येच बसवलेले पाणी फिरवणारे छोटे पंखे करतात, आणि वीस-तीस वॅटमध्ये हजारो गॅलन हलवतात, कारण त्यांना पाणी उचलावं लागत नाही, फक्त ढकलावं लागतं. संपमध्ये स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), हीटर आणि फिल्टरला पुरेसं पाणी मिळालं की झालं. त्यासाठी तीन-चारपट पुरते. मी तुमच्या जागी ताशी १००० गॅलन धरले असते.

हा आकडा खाली आणण्यावर मी इतका जोर देतो त्याला कारण विजेचं बिल. ताशी १००० गॅलन १५ फूट उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशोबाने ४७ वॅट लागतात. पंप आणि मोटर मिळून ३० ते ४० टक्के कार्यक्षम धरली तर प्रत्यक्षात १२० ते १६० वॅट. याउलट खरोखर ३००० गॅलन वर पोचवायचे ठरवलेत तर त्याच पाइपमध्ये घर्षण साडेसातपट वाढतं आणि पंप ५००-६०० वॅट खातो. युनिटला २० सेंट धरले तर वर्षाला ७५०-८०० डॉलर जादा. शिवाय ती बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात उतरते, म्हणजे उन्हाळ्यात चिलरचा खर्च वेगळा.

पाइपकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात, आणि खरी बचत तिथेच आहे. ताशी १००० गॅलनला, तुमचे ३५ फूट आणि सहा एल्बो धरून, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचं एक प्रमाण) पीव्हीसीचा हिशोब असा येतो: दीड इंची पाइपमध्ये घर्षणाने सुमारे १ फूट हेड जातं, एक इंचीमध्ये सुमारे ७ फूट, आणि पाऊण इंचीमध्ये २१-२२ फूट. म्हणजे पाऊण इंची पाइप टाकलात तर पाणी उचलण्यापेक्षा पाइपशी झटापट करण्यातच पंपाची जास्त ताकद जाईल. पंपाचं तोंड एक इंची असलं तरी लगेच रिड्यूसर लावून दीड इंचावर जा, आणि वर टँकजवळ पुन्हा लहान करा. एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड बसत असतील तर तसे लावा.

उभी उंची मोजताना एक गोष्ट. पाइप टँकच्या काठावरून वर जाऊन खाली वळत असेल तर तो सर्वात उंच बिंदू मोजू नका. नळी पाण्यात बुडालेली असेल तर पाइप भरल्यावर पलीकडची उतरती बाजू सायफनसारखी मदत करते, म्हणून टँकच्या पाण्याच्या पातळीपर्यंतच मोजायचं. आणि खालची बाजू जमिनीपासून न मोजता संपमधल्या पाण्यापासून. यातूनच एक फुकटची सोय निघते: संप जमिनीवर ठेवू नका, दोन फुटी भक्कम स्टँडवर ठेवा. ते दोन फूट पंपाच्या डोक्यावरून कायमचे उतरतात, आणि तुम्हाला स्किमर साफ करायला वाकावं लागत नाही. तुमचे १३ फूट स्टँड धरून आहेत की नाही हे प्रश्नात लिहिलेलं नाही. नसेल तर ११ होतील.

सध्या १३ धरू. त्यात पाइपचा १ फूट आणि वरच्या नळ्यांच्या तोंडांशी जाणारा फूटभर मिळवला की १५. तेव्हा दुकानात जाऊन विचारायचा प्रश्न इतकाच: ‘१५ फुटांवर ताशी १००० गॅलन देणारा, दीडशे वॅटच्या आसपासचा पंप कोणता?’ कर्व्हचे तीन भाग केले तर हा बिंदू मधल्या भागात पडायला हवा. अगदी उजव्या टोकाला पडला तर मोटरवर ताण येतो, डाव्या टोकाला पडला तर पाणी थोडं आणि आवाज फार. अंदाज म्हणून, ज्याचं कमाल हेड २२ ते २८ फूट आहे असे पंप आधी पाहा.

इथे नावाजलेल्या पंपांबद्दलही गल्लत होते. रीफ्लोचा डार्ट ३६०० गॅलनचा म्हणून प्रसिद्ध आहे, टँकखालच्या संपसाठी उत्तम आहे, पण उंची गाठणं हे त्याचं काम नाही. तुम्हाला ‘प्रेशर’ जातीचा पंप हवा. इवाकीचे मॅग्नेट ड्राइव्ह पंप या कामात वर्षानुवर्षं चालतात. त्यांना शाफ्टचं सील नसतं, त्यामुळे गळतीची एक जागाच कमी होते. जर्मनीचे अबिझ आणि रेड ड्रॅगन फार शांत आहेत, पण किंमत पाहून घरात चर्चा करावी लागेल.

डीसी पंपाचं आकर्षण मला समजतं. आवाज कमी, वीज कमी, फोनवरून वेग कमी-जास्त. पण बेसमेंटमध्ये त्या वेग बदलण्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि विकणारे हे सहसा सांगत नाहीत. वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात उतरतो, पण दाब वेगाच्या वर्गाने उतरतो. २४ फूट कमाल हेडचा पंप ७५ टक्क्यांवर आणलात की त्याचं कमाल हेड साडेतेरा फूट होतं, म्हणजे तुमच्या १३ फुटांना जेमतेम पुरतं. ७० टक्क्यांवर ते १२ फुटांच्याही खाली जातं. पाणी पाइपमध्येच उभं राहतं, टँकमध्ये पोचत नाही, आणि पंप खाली तेच पाणी घुसळून तापवत बसतो. डीसी घ्यायला हरकत नाही, पण तो जवळजवळ पूर्ण वेगावरच चालणार हे धरून घ्या. कंट्रोलरमध्ये किमान वेगाची मर्यादा घालता येत असेल तर ती नक्की घाला.

प्रवाह थोडा कमी करायचा असेल तर पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह लावून आवळा. सेंट्रिफ्यूगल पंपाला त्याने काही होत नाही, उलट वीज थोडी कमीच लागते. आत येणारी बाजू मात्र कधीही आवळू नका. तिथे पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठाच ठेवा, नाहीतर कॅव्हिटेशन (पाण्यात बुडबुडे होऊन फुटणं) होऊन पंप खडखडायला लागतो. आणि पंप संपच्या पाण्याच्या पातळीखालीच बसवा, हे पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाहीत.

(पुण्या-मुंबईत बंगल्याच्या पार्किंगमध्ये संप ठेवणाऱ्यांसाठी: अमेरिकेत छापलेला कर्व्ह ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर साध्या एसी मोटरचा वेग पाच-षष्ठांश होतो आणि कमाल हेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. आणि घरच्या टाकीत पाणी चढवणारा टुल्लू इथे चालणार नाही. तो चोवीस तास चालण्यासाठी नसतो, आणि पितळ-तांब्याचा भाग खाऱ्या पाण्यात गेला तर कोरल जगत नाहीत.)

त्याच कारणाने, तुमच्या बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी काढणारा सम्प पंप असेल तर त्याचा जोडीदार आणून काम भागवण्याचा मोह टाळा. त्यांतले बरेच तेलाने भरलेल्या मोटरचे असतात, आणि ते अधूनमधून चालण्यासाठी बनवलेले असतात.

आता वीज गेल्यावर काय होतं ते, कारण पंप निवडताना संपचं मापही त्याला बांधलेलं आहे. पंप थांबला की टँकमधलं पाणी नळीतून उलटं खाली ओढलं जातं. तुमच्या टँकमध्ये पातळी एक इंच उतरली की १० गॅलन पाणी खाली येतं. रिटर्नची नळी तीन इंच खोल बुडालेली असेल तर ३० गॅलन, त्यात पाणी वर नेणाऱ्या आणि खाली आणणाऱ्या दोन्ही पाइपांमधलं आठ-दहा गॅलन मिळवा. संपमध्ये ४० गॅलनची जागा रिकामी हवीच. नळीला पाण्याच्या पातळीलगत सायफन तोडणारं भोक पाडा आणि ते अधूनमधून साफ करा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) विसंबू नका. खाऱ्या पाण्यात त्यात कॅल्शियमचे थर आणि नळीकिडे बसतात, आणि तो नेमका गरजेच्या रात्री बंद होत नाही. सगळं जोडून झाल्यावर तुम्ही समोर असताना स्विच बंद करून पाहा.

२०१२ च्या सँडी वादळात तुमच्या राज्यात कित्येक घरांची वीज आठवडाभराहून जास्त गेली होती. तशा वेळी दीडशे वॅटचा रिटर्न पंप बॅटरीवर चालवण्यात अर्थ नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी तो सात-आठ तासांत संपवेल. तीच बॅटरी १० वॅटच्या एका वेव्हमेकरला दिलीत तर चारेक दिवस माशांना प्राणवायू मिळत राहील. रिटर्न थोडा वेळ बंद राहिला तर टँक सहसा मरत नाही, पाणी स्थिर राहिलं तर मरतो.

एक मोठा पंप की दोन लहान, हा वाद मला फार मोठा वाटत नाही. एकाच पाइपवर दोन पंप समांतर जोडले तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याचं पाणी बंद पंपातून उलटं संपमध्ये येतं, मग पुन्हा तेच बेभरवशाचे व्हॉल्व्ह. दोन पूर्णपणे स्वतंत्र लाइन टाकायची तयारी असेल तर दोन घ्या. नसेल तर एक चालू आणि अगदी तसाच दुसरा कपाटात, दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारे जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह. माझा टँक तुमच्याहून लहान आहे, पण व्यवस्था हीच, आणि दर काही महिन्यांनी मी दोन्हींची अदलाबदल करून उतरलेला पंप पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साफ करतो. सॉकेट जीएफसीआयचं (विजेची गळती होताच वीज तोडणारं) हवं आणि वायरला खाली झोळ, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जात नाही.

पंप बसवल्यावर प्रवाह मोजायचा असेल तर वरचं टोक पाच गॅलनच्या बादलीत सोडा. ताशी १००० गॅलनला बादली १८ सेकंदांत भरते. ते जमत नसेल तर पंपाच्या बाहेरच्या बाजूला तात्पुरता प्रेशर गेज लावा. १ पीएसआय म्हणजे २.३१ फूट, तेव्हा काटा साडेसहाच्या आसपास असेल तर तुम्ही १५ फुटांवर आहात, आणि तिथला प्रवाह कर्व्हवर वाचता येतो. काटा ८-९ दाखवत असेल तर पाइपमध्ये कुठेतरी अडचण आहे, आधी ती शोधा आणि मगच पंपाला दोष द्या. गेजमध्ये पितळ असतं, म्हणून मोजून झालं की तो काढून तिथे प्लग लावा.