शिडाच्या बोटीवर नेव्हिगेशन आणि हवामानासाठी टॅबलेट पुरेसा आहे का?

किनाऱ्याच्या आसपास फिरायचं असेल तर पुरेसा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. नुसत्या वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सेल्युलर मॉडेलमध्ये असतं आणि ते सिम न घालताही चालतं. नकाशे निघण्याआधीच डाउनलोड करून ठेवा.

खरी गोम झूममध्ये आहे. झूम आउट केलं की खडक, उथळ जागा नकाशावरून चक्क गायब होतात. २०१४ च्या व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीत 'टीम वेस्टास विंड' ही बोट हिंदी महासागरातल्या प्रवाळखडकांवर चढली ती याच भानगडीत, आणि चालवणारे काही नवशिके नव्हते! म्हणून आखलेला मार्ग पूर्ण झूम करून, थोडा थोडा सरकवत एकदा तपासाच.

हवामानासाठी विंडी किंवा प्रेडिक्टविंड ही ॲप वापरा. त्यात जीएफएस (अमेरिकन) आणि युरोपियन या दोन हवामान मॉडेलचे अंदाज शेजारी ठेवा. दोघांचं जुळत नसेल तर अंदाज कच्चा समजा. दाखवलेला वाऱ्याचा वेग सरासरी असतो, झोत त्याहून बरेच जोरदार येतात. रेंज सुटणार असेल तर ग्रिब फाइल (हवामान अंदाजाची छोटी फाइल) आधीच उतरवून घ्या.

बाकी, टॅबलेट भर उन्हात तापून बंद पडतो आणि ओल्या बोटांना दाद देत नाही. सावलीत ठेवा, फोनमध्येही तेच नेव्हिगेशनचं ॲप नकाशांसकट तयार असू द्या.