नवी ठासणीची रायफल : नेम का भटकतो?

प्रश्न : काका, मी चोपडा तालुक्यातला. परवाना काढून ५० बोअरची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची) नवी ठासणीची रायफल घेतली, रेंजवर कागदावर मारायला. ५० मीटरवर पहिल्या दोन-तीन गोळ्या जवळजवळ लागतात, पुढच्या कुठेही जातात. मित्र म्हणतो, शे-दोनशे बार काढ, नळी आपोआप मुरेल. खरं का?

उत्तर : मित्राचं अर्धं खरं आहे. नव्या नळीत आट्यांच्या, म्हणजे आतल्या वळणदार खाचांच्या, कडा धारदार असतात आणि गोळीभोवतीची चिंधी कापतात. बार होत गेले की त्या कडा मऊ पडतात. पण कडांचंच दुखणं असतं तर पहिली गोळीही भटकली असती. तुमची तिसरीनंतर बिघडते, म्हणजे काजळी साचतेय.

काळी दारू जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. आपल्याकडच्या वैशाखातल्या कोरड्या हवेत तो नळीत खडखडीत वाळतो. मग एक गोळी सहज उतरते, दुसरीला ठासायच्या गजावर अंगाचा भार द्यावा लागतो, आणि नेम गेला. दर बारानंतर एक ओलसर चिंधी आणि तिच्यामागून एक कोरडी फिरवा. वेळ जातो म्हणू नका. ठासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १३ बारांना ३० मिनिटं देतात आणि त्यातले चांगले १० धरतात. घाई कुणालाच नसते.

आता कडांकडे वळू. रेंज बंद झाल्याचा इशारा मिळाला की पुढे जाऊन उडालेल्या चिंध्या गोळा करा. सगळं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. मधोमध काळा गोल आणि कापड शाबूत असेल तर नळीला हात लावू नका. गोलाच्या काठाने आट्यांच्या अंतरावर चिरा असतील तर कडा धारदार आहेत. तेव्हा अगदी बारीक स्टीलवूल तेलात भिजवून गजाने नळीभर फिरवा. काचपेपर मात्र नाही! मधे जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ किंवा कोरडी आहे, नाहीतर दारू जास्त झाली.

चिंधीला गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं सुती कापड घ्या, खळ धुऊन. टेरिकॉट वितळतं. वंगणाला मेण आणि गोडंतेल चालतं. मोटारीचं ऑइल काळ्या दारूबरोबर डांबरासारखं चिकटतं. ५० बोअरला साधारण ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची चिंधी, इथून सुरुवात करा.

मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांवर नोकरी केली. तिथली सवय सांगतो : एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू कंपनीच्या पुस्तकातल्या कमीत कमी मापापासून पाच-पाच ग्रेनने (ग्रेन हे दारू मोजायचं छोटं माप, ग्रॅम नव्हे) वाढवा, तेव्हा कापड आणि गोळी तीच ठेवा. पुस्तकातली वरची मर्यादा ओलांडू नका. दारू मापातूनच ओता. बुधल्यातून थेट ओतली आणि आत ठिणगी राहिली असली, तर बुधलाच हातात फुटेल. गोळी दारूवर टेकल्याची खूण गजावर करून ठेवा, कारण मधे पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. आणि बिनधुराची आधुनिक दारू चिमूटभरही नको.

प्रश्न : नळी गरम पाण्याने धुवा म्हणतात. गंजणार नाही का?

उत्तर : न धुतली तर गंजेल. काजळीतले क्षार हवेतली ओल ओढतात आणि ते पाण्यातच विरघळतात, नुसत्या तेलात नाही. त्याच संध्याकाळी निपल (ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते ती पोकळ खुंटी) काढून साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, तेलाचा पातळ हात द्या. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसायचं, आणि रिकाम्या नळीचं तोंड रेंजवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून एक टोपी उडवायची. पातं हललं तर वाट मोकळी. हललं नाही तर दारू ओतू नका, निपल काढून बारीक तारेने साफ करा.