401के मधून लोन काढून ऑर्नामेंटल मिल घेऊ का?

न्यू जर्सीहून एका वाचकांचा मेल आलाय. थोडक्यात असं, वय 41, आयटीत, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आय-140 म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज अप्रूव्ह होऊन ग्रीन कार्डच्या रांगेत, बायको एच-फोर ईएडीवर, म्हणजे जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, पार्टटाइम. पाच वर्षं गॅरेजमध्ये सुतारकामाचा छंद. आता लेगसी कंपनीची एक जुनी ऑर्नामेंटल मिल, म्हणजे लाकडावर पीळ आणि नक्षी कोरायचं हाताचं मशीन, 3,200 डॉलरला मिळतेय, नवा राउटर (लाकूड कोरायचं मोटरवालं हत्यार), त्याचे बिट्स, धूळ खेचायचं मशीन धरून 6,000 होतील. बँकेत 11,000, महिन्याचा खर्च 5,500, सगळं जाऊन 700 उरतात. म्हणून 401के, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंटच्या खात्यातून लोन काढायचं आणि पिळाच्या समया, टेबलाचे पाय ऑनलाइन विकून दोन वर्षांत वसूल करायचं, चालेल ना?

दादा, मशीन भारी आहे, वसुलीचं तेवढं विसरा.

एच-वन-बीवर ज्या कंपनीने तुमचं पिटिशन केलंय तिचंच काम करता येतं. नफ्यासाठी नियमित वस्तू बनवून विकणं म्हणजे परवानगी नसलेलं काम, आणि इतकी वर्षं रांगेत उभं राहून चार समयांसाठी फाइलवर असला डाग कशाला घ्यायचा? ईएडीवर वहिनी स्वतःचा धंदा करू शकतात हे खरं, पण मग धंदा त्यांचा आणि लाकूड कापणारे तुम्ही, हे कसं दिसेल ते आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा, माझ्या भरवशावर करू नका. त्यामुळे वसुलीचा आकडा आपण शून्य धरू.

वकील हो म्हणाला तरी मला तुमची दोन वर्षं पटत नाहीत. मित्राच्या गॅरेजात मी एकदा ह्या मिलचं हँडल फिरवलंय, राउटरची गाडी दांड्यावरून सरकते, गिअरमुळे खालचं लाकूड तिच्याच हिशोबात फिरतं आणि बघता बघता दोरीसारखा पीळ उतरतो, खरंच जादू वाटते. पण कापून झालं अर्ध्या तासात आणि नंतर पॉलिश पेपरची घडी करून एकेक खाच घासण्यात आख्खी दुपार गेली, आणि एवढं करून मी पॉलियुरेथेनचं व्हार्निश नेहमीसारखं जाड मारलं तर ते खाचेत साठलं आणि पिवळे ओघळ वाळून बसले. तिथे फडक्याने पातळ पातळ हातच द्यावे लागतात, नाहीतर स्पिरिटमधला आपला चपडा, तोही पातळच. ही मजुरी तुमच्या हिशोबात कुठेच नाहीये. शिवाय टॅक्सवाल्यांनी छंद ठरवला तर कमाईवर टॅक्स लागतोच आणि छंदाच्या खर्चाची वजावट 2018 पासून बंद.

आता लोन. व्याज आपल्याच खात्यात परत जातं म्हणून लोक खूश असतात आणि नोकरी चालू आहे तोवर पगारातून हप्ता कटतो, काही त्रास नाही. पण ले-ऑफ झाला तर बरेच प्लॅन उरलेली रक्कम मागतात, आणि त्या वर्षाच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत ती भरली नाही तर पैसे काढले असं धरून इन्कम टॅक्स लागतो, वर साडेएकोणसाठच्या आत म्हणून 10 टक्के पेनल्टी. आणि नेमकं तेव्हाच तुमचं व्हिसाचं 60 दिवसांचं घड्याळ, म्हणजे नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा, चालू झालेलं असणार. हातात 11,000 म्हणजे दोन महिने. ग्रीन कार्डवाल्याला मी एकवेळ हो म्हणालो असतो, तुम्हाला नाही.

म्हणजे मिल घेऊच नका असं नाही. महिन्याच्या 700 मधले 500 इमर्जन्सीला, 200 मिलच्या डब्यात. 16 महिन्यांत डब्यात 3,200 आणि बँकेत 19,000, म्हणजे जवळपास साडेतीन महिन्यांचा खर्च, तेही मला कमीच वाटतं पण चालेल. यादीतला नवा राउटर खोडा, एक आहे असं तुम्हीच लिहिलंय, तो गाडीवर बसतो का विचारा. धुळीचं मशीन मात्र खोडायचं नाही, त्यासाठी डबा आणखी काही महिने चालवा, फुफ्फुसं सेकंडहँड मिळत नाहीत.

तोवर ही मिल विकली गेली तर जाऊ दे. लेगसीवाले पुढे सीएनसीकडे, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या मशीनकडे वळले, त्यामुळे हाताची मिल शक्यतो जुनीच घ्यायची, पण अशा मिली लोकांच्या गॅरेजात पडून असतात. घ्यायला जाल तेव्हा हँडल उलटसुलट फिरवून बघा, गाडी लगेच हलते की आधी हँडल रिकामंच फिरतं, आणि गिअरचा सेट पूर्ण आहे का ते मोजा, एक गिअर नसला तर तेवढे पीळ गेले आणि पार्टसाठी वणवण. पुढे विकताना भाव वाढेल ही आशा नको. लिलावात मान असतो तो होल्ट्झापफेलसारख्या लंडनच्या जुन्या लेथना, आपली त्यातली नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सची जवळची शाखा शोधा, कुणाकडे अशी मिल असेल तर एक शनिवार त्यांच्याकडे घासा. फक्त कापू नका, घासा. त्यानंतरही हवीशी वाटली तर डबा चालू ठेवा.

आणि एक, पैशाचंच आहे. तुम्ही लिहिलंय फिनिशला बॉइल्ड लिन्सीड, म्हणजे जवसाचं तेल वापरता आणि चिंध्या डब्यात टाकता. ते तेल वाळताना गरम होतं, चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेटतात, खरंच पेटतात. आजच त्या बाहेर काढून एकेक सुट्ट्या पसरून वाळवा, आणि घराच्या इन्शुरन्समध्ये गॅरेजातलं सामान किती रकमेपर्यंत धरलंय ते एजंटला फोन करून विचारा.