नव्या हॅमची पहिली हँडी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना नुकताच हाती आला आहे. ५ वॅटची हँडी (हातात धरायचा रेडिओ संच) घ्यावी, की थोडे अधिक पैसे घालून ८ वॅटची?

५ वॅटची पुरेशी आहे. ५ चे ८ वॅट केल्याने समोरच्याला मिळणारा सिग्नल जेमतेम २ डेसिबलने (सिग्नलच्या ताकदीचे माप) वाढतो. बॅटरी मात्र लवकर उतरते आणि संचही अधिक तापतो. दोन मीटर बँडच्या (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्यामुळे मध्ये डोंगर आला, की वाढीव ३ वॅटचा काहीच उपयोग होत नाही. वाचलेले पैसे अँटेनावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे अर्धा मीटर भरते, तर संचाबरोबर येणारी रबरी अँटेना वीतभरच असते. लांब अँटेना घेईपर्यंत एक स्वस्त उपाय करून पाहावा : सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीच्या बारीक, लवचिक वायरीच्या टोकाला गोल लग (छिद्र असलेली धातूची कडी) लावावा, अँटेना फिरवून बसवताना तो कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल, पण मधल्या पिनेला लागणार नाही, असा दाबावा आणि वायर खाली मोकळी सोडावी. अँटेनाचा जो दुसरा अर्धा भाग एरवी संचाचा सांगाडा आणि आपला हात कसाबसा भरून काढतात, तो या वायरीमुळे नीट मिळतो.

प्रश्न : मागवलेली अँटेना संचावर बसतच नाही.

अँटेना जोडायचे एसएमए कनेक्टर (फिरवून बसवायचे छोटे जोड) पिनेचे आणि छिद्राचे असे दोन्ही प्रकारचे मिळतात. बाओफेंग यूव्ही-५आर या संचावर मधोमध पिन असते, म्हणून अँटेनाला छिद्र हवे. येसू कंपनीच्या हँडींचे याच्या उलट असते. आपला संच पाहूनच मागणी नोंदवावी.

प्रश्न : रिपीटर (आपला सिग्नल उचलून पुन्हा दूरवर पाठवणारे केंद्र) स्वच्छ ऐकू येतो, पण माझ्या हाकेला तो उघडत नाही.

बहुधा शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतला फरक) किंवा टोन (रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत पाठवायचा ठरावीक सूर) लावायचा राहिला असावा. दोन मीटरवर रिपीटर सहसा ६०० किलोहर्ट्झ खाली ऐकतो. म्हणजे तो १४५.७०० वर बोलत असेल, तर आपण १४५.१०० वर प्रक्षेपण करायचे असते, आणि त्याने टोन ठेवला असल्यास तोही पाठवावा लागतो. प्रोग्रामिंग केबल आणि चर्प हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन चॅनेल एकदाच नीट भरून ठेवावेत. अनेक स्वस्त संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवर कुठेही प्रक्षेपण करू शकतात, परंतु या पट्ट्यात आपला परवाना १४४ ते १४६ पुरताच आहे, हे प्रत्येक चॅनेल भरताना तपासावे.

प्रश्न : गच्चीवरच्या अँटेनाला २० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल चालेल का?

दोन मीटरवर एवढ्या केबलमध्ये सुमारे ४ डेसिबल जातात, म्हणजे ५ पैकी जेमतेम २ वॅट वर पोहोचतात. ४३५ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या हॅम बँडवर तर १ वॅटच्या आसपासच. आरजी-२१३ जाड आणि महाग आहे, पण दोन मीटरवर तिच्यातून ३ वॅटहून अधिक वर जातात. शक्य असल्यास केबलची लांबीच कमी करावी.