रिंग सोडल्यावरचा मॅक्स श्मेलिंग

प्रश्न असा आहे: बॉक्सिंगमधून निवृत्त झालेले जगज्जेते पुढे काय करतात? कोच किंवा कॉमेंटेटर होण्यापलीकडे कुणी खरंच वेगळं आयुष्य जगलंय का?

बहुतेक जण इथे जॉर्ज फोरमनचं नाव घेतील आणि ते योग्यच आहे. आफ्रिकेतल्या किन्शासात मुहम्मद अलीकडून हरलेला हा माणूस पुढे ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला, पंचेचाळिसाव्या वर्षी परत हेवीवेट म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा जगज्जेता झाला आणि स्वतःच्या नावाच्या ग्रिलवर रिंगमध्ये मिळवले त्याहून जास्त पैसे मिळवून गेला. पण त्याच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि त्यांना ज्याची गोष्ट आवर्जून सांगतो तो माणूस वेगळा आहे. तो म्हणजे जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग.

जन्म १९०५ चा, वाढला हॅम्बुर्गमध्ये. वडील जहाजावर कामाला. डेम्प्सी आणि कार्पेंतिए या बॉक्सरांच्या १९२१ च्या लढतीची फिल्म पाहिली आणि पोराच्या डोक्यात बॉक्सिंग शिरलं. १९२८ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि १२ जून १९३० ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जॅक शार्कीविरुद्ध हेवीवेटचा किताब जिंकला. कसा? चौथ्या फेरीत शार्कीचा ठोसा नियमाविरुद्ध कमरेखाली बसला, श्मेलिंग खाली पडला आणि शार्की बाद ठरला. असा खाली पडून हेवीवेट किताब मिळालेला तो एकटाच. लोकांनी त्याला त्यावरून खूप हिणवलं. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये यंग स्ट्रिब्लिंगला पंधराव्या फेरीत हरवून त्याने तोंडं बंद केली, पण १९३२ मध्ये त्याच शार्कीने वादग्रस्त निर्णयावर किताब परत नेला.

त्याचं खरं नाव झालं ते १९ जून १९३६ च्या लढतीने. समोर होता अमेरिकेचा कृष्णवर्णीय बॉक्सर जो लुईस, तोवर एकही व्यावसायिक लढत न हरलेला. श्मेलिंग तिशीच्या घरात, उतरणीला लागलेला. सट्टेबाजांनी त्याला हिशेबातच धरलं नव्हतं. पण त्याने लुईसच्या लढतींच्या फिल्म परत परत पाहिल्या होत्या. लुईस डाव्या हाताने जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, मारायचा आणि हात मागे घेताना तो हनुवटीपाशी न आणता खाली सोडायचा. क्षणभरच, पण उजव्या हाताच्या ठोशाला तेवढी फट पुरते. चौथ्या फेरीत त्याच फटीतून उजवा हात गेला आणि लुईस खाली बसला. बाराव्या फेरीत लढत संपली. आमच्याकडची मुलं जॅब मारून हात कमरेपर्यंत आणतात तेव्हा मी त्यांना हीच फिल्म दाखवतो. पन्नास वेळा ओरडून जे डोक्यात शिरत नाही ते त्या एका फेरीत शिरतं.

त्यानंतर नाझी राजवटीने त्याला डोक्यावर घेतलं. तो हवेत तरंगणाऱ्या हिंडेनबर्ग या वायुनौकेतून मायदेशी परतला, हिटलरबरोबर जेवला, त्या लढतीची फिल्म जर्मन वंशाचा विजय म्हणून थिएटरांत लागली. हे सगळं झालं आणि त्यावर मी पांघरूण घालणार नाही. त्याने फोटोंसाठी हसून पोझ दिल्या, आणि त्या फोटोंचा उपयोग कुणी कशासाठी केला हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण तो कधीही नाझी पक्षाचा सभासद झाला नाही. आणि त्याचा मॅनेजर होता जो जेकब्ज, न्यूयॉर्कचा ज्यू, ज्याच्या हातातून सिगार क्वचितच सुटायची.

या जेकब्जचा एक प्रसंग फार बोलका आहे. मार्च १९३५ मध्ये हॅम्बुर्गला श्मेलिंगने स्टीव्ह हॅमसला हरवलं. हॉलमधले हजारो लोक उभे राहून नाझी सलामीसाठी हात पुढे करून गाऊ लागले. रिंगमध्ये उभ्या असलेल्या जेकब्जला काय करावं सुचेना, त्यानेही हात वर केला, आणि त्या हातात सिगार तशीच होती. तो फोटो पाहून नाझीही भडकले आणि अमेरिकेतले ज्यूही. वरून दबाव आला की या माणसाला काढून टाक. श्मेलिंगने काढलं नाही. अमेरिकेत माझं सगळं हाच सांभाळतो, हे त्याने थेट हिटलरला सांगितलं. त्या काळात त्या माणसासमोर असं बोलायला काय लागत असेल याचा विचार करा.

मग आली २२ जून १९३८ ची परतीची लढत. सत्तर हजारांहून जास्त लोक. महायुद्ध सुरू व्हायला जेमतेम सव्वा वर्ष राहिलं होतं आणि दोघांच्या खांद्यावर आपापल्या देशाचं ओझं टाकलेलं. लुईस पहिल्या घंटेला असा तुटून पडला की १२४ सेकंदांत सगळं संपलं. कमरेच्या बाजूला बसलेल्या एका ठोशाने श्मेलिंगच्या मणक्याचं हाड मोडलं. काही काळ न्यूयॉर्कच्या इस्पितळात काढून तो बोटीने जर्मनीला गेला, आणि स्वागताला आता कुणी मोठा माणूस नव्हता. म्हातारपणी तो म्हणायचा की ती लढत हरलो याचा आता जवळजवळ आनंदच वाटतो. जिंकलो असतो तर नाझींनी पदक दिलं असतं आणि युद्धानंतर मला युद्धगुन्हेगार ठरवलं असतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली. बर्लिनमध्ये श्मेलिंगचा डेव्हिड लेविन नावाचा एक ज्यू मित्र होता. त्याची हेन्री आणि वेर्नर ही दोन पोरसवदा मुलं श्मेलिंगने एक्सेल्सिअर हॉटेलमधल्या आपल्या खोल्यांत लपवली. खाली काउंटरवर सांगून ठेवलं, मला बरं नाही, कुणालाही वर पाठवू नका. देशातला सगळ्यात ओळखीचा चेहरा, गजबजलेलं हॉटेल, आणि आत दोन मुलं. धुमाकूळ ओसरेपर्यंत त्याने त्यांना सांभाळलं आणि पुढे ती देशाबाहेर पडू शकली. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. त्या वेळी नाहीच, आणि युद्ध संपल्यावर, जेव्हा असं काही सांगायला जो तो धडपडत होता, तेव्हाही नाही.

युद्धात त्याला छत्रीधारी सैनिक म्हणून भरती केलं. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावर त्याने उडी मारली आणि जखमी झाला. प्रचारखात्याला हवं होतं की इंग्रजांनी जर्मन कैद्यांचे हाल केले असं त्याने म्हणावं. एका अमेरिकन पत्रकाराशी बोलताना त्याने तसं काही म्हणायला नकार दिला, आणि प्रचारमंत्री गोबेल्सची त्याच्यावरची मर्जी उरलीसुरली तीही गेली.

युद्ध संपलं तेव्हा पोमेरानियातली जमीन गेली होती, पैसा संपला होता. त्याची बायको अॅनी ओंड्रा ही त्या काळची नावाजलेली सिनेनटी, पण तिचंही काम थांबलेलं. पोटासाठी तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी परत रिंगमध्ये उतरला. पाच लढती झाल्या, तीन जिंकल्या, दोन हरल्या. ऑक्टोबर १९४८ मध्ये शेवटची लढत हरला आणि हातमोजे कायमचे उतरवले. मला या पाच लढतींबद्दल फार आदर वाटतो. एके काळचा जगज्जेता उपाशी न राहण्यासाठी परत रिंगमध्ये उभा राहतो यात कमीपणा काही नाही, उलट आपल्या हाताला जे येतं ते करायची त्याची तयारी होती. मिळालेल्या पैशांतून त्याने हॅम्बुर्गजवळ होलेनश्टेटला जमीन घेतली, फरसाठी मिंक नावाचे प्राणी पाळले, तंबाखू लावली.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. १९५४ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे त्याला जेम्स फार्ली भेटले. विसाच्या दशकात आणि तीसच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाचे अध्यक्ष असलेले हे गृहस्थ पुढे रूझवेल्ट सरकारात पोस्टमास्टर जनरल झाले होते आणि आता कोका-कोलाच्या निर्यात कंपनीत मोठ्या पदावर होते. त्यांच्या ओळखीतून १९५७ मध्ये श्मेलिंगला हॅम्बुर्गमध्ये कोका-कोला बाटल्यांत भरून विकण्याची एजन्सी मिळाली. जर्मनी त्या वेळी नुकताच सावरत होता, लोकांच्या हातात पैसा येऊ लागला होता, आणि दारावर श्मेलिंगचं नाव होतं. धंदा जोरात चालला. पन्नाशी उलटल्यावर सुरू केलेल्या कामात तो पुन्हा श्रीमंत झाला, आणि फार म्हातारा होईपर्यंत कचेरीत जात राहिला. नावावर धंदा सुरू होतो, पण चालवायला रोज जावं लागतं. पुष्कळ नामवंत खेळाडूंचे धंदे इथेच बसतात.

त्याच अमेरिकेच्या फेरीत तो शिकागोला गेला आणि जो लुईसला भेटला. लुईसची तोवर पार दशा झाली होती. युद्धकाळात त्याने दोन लढतींचं मानधन लष्कराच्या आणि नौदलाच्या मदतनिधीला दिलं होतं, तरी करखात्याने त्याच्यामागे थकबाकीचा असा ससेमिरा लावला की तो वर्षानुवर्षं सुटला नाही. शेवटी लास व्हेगासच्या एका कसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायचं काम त्याने केलं. ज्याच्याशी सगळ्या जगाने त्याचं वैर जोडून टाकलं होतं, त्या माणसाशी श्मेलिंगने मैत्री केली आणि ती लुईसच्या मरणापर्यंत निभावली. अडचणीत पैसे दिले, आणि १९८१ मध्ये लुईस गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चातही वाटा उचलला.

लेविनची मुलं? हेन्री अमेरिकेत हॉटेल व्यवसायात खूप वर गेला. १९८९ मध्ये त्याने लास व्हेगासला श्मेलिंगच्या सन्मानार्थ मेजवानी दिली आणि सगळ्यांसमोर त्या नोव्हेंबरची हकीकत सांगितली. जगाला ती तेव्हा कळली, घटनेनंतर पन्नास वर्षांनी. श्मेलिंग तोवर ऐंशी ओलांडून गेला होता. एखादी चांगली गोष्ट केली की संध्याकाळपर्यंत ती चारचौघांना कळावी असं आपल्याला वाटतं. याने अर्धं शतक ती पोटात ठेवली, तीही अशा काळात जेव्हा ती सांगितली असती तर त्याच्यावरचे निम्मे आरोप आपोआप गळून पडले असते. त्याच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते मुख्यतः या पन्नास वर्षांमुळे.

काही अभ्यासक त्याला संधिसाधू म्हणतात. प्रत्येक राजवटीशी जमवून घेतलं, दोन्ही दगडांवर पाय ठेवले, असा त्यांचा मुद्दा आहे, आणि तीसच्या दशकातले फोटो पाहिले तर तो खोडून काढता येत नाही. मी एवढंच बघतो की जेकब्ज, लेविनची पोरं, लुईस, यांतल्या कुणालाही त्याने गैरसोयीचं झालं म्हणून सोडलं नाही, आणि तिघांच्याही बाबतीत सोडणंच सोपं होतं.

१९८७ मध्ये अॅनी गेली. ५३ वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. १९९१ मध्ये त्याने आपल्या नावाने एक प्रतिष्ठान काढलं आणि हॅम्बुर्ग परिसरातल्या गरजू वृद्धांना मदत सुरू केली. बर्लिनमधल्या मोठ्या क्रीडागृहाला त्याच्या हयातीतच त्याचं नाव मिळालं. २ फेब्रुवारी २००५ ला होलेनश्टेटला तो गेला तेव्हा वयाचं शतक पुरं व्हायला आठ महिने कमी होते.

तुम्हाला त्याच्या लढती बघायच्या असतील तर १९३६ आणि १९३८ अशा दोन्ही एकापाठोपाठ बघा, आणि पहिलीत लुईसच्या डाव्या हातावर नजर ठेवा. दोन वर्षांनी तोच हात कुठे राहतो तेही बघा. लुईसही शिकला होता.