जोडून आलेल्या सुट्टीत कुठेच न जाता लहान मुलांना घरी कसं रमवायचं?

तुमची मुलं चार आणि सात वर्षांची, १५ ऑगस्टला जोडून सुट्टी, दोघं सारखी भांडतात, आणि 'घरात कोंडून मुलांचं नुकसान करताय' असं नातेवाईक ऐकवतात, असं तुम्ही लिहिलंय. नातेवाइकांचं आधी उरकतो. काहीही नुकसान होत नाही.

आमच्याकडे हे ऐकवायचं काम माझे साडू करतात. सुट्टी मिळाली की पोरांना बाहेर काढायचं, आणि बाहेर म्हणजे लोणावळा. माझी बायको नर्स आहे, तिला कसला आलाय लाँग वीकेंड. २०२५ साली शुक्रवारी १५ ऑगस्ट, शनिवारी दहीहंडी आणि मग रविवार असं जुळून आलं, तेव्हा तिला तिन्ही दिवस ड्युटी. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये मी आणि दोन पोरं. मुलगी पहिलीत, धाकटा जेमतेम चारचा.

गुरुवारी रात्री मी अर्धा किलो कडवे वाल भिजत घातले. मुलांसाठी वगैरे नाही, श्रावणात बिरडं व्हायचंच असतं. शुक्रवारी सोसायटीचं झेंडावंदन करून, जिलेबी घेऊन वर आलो तोवर वाल टम्म फुगले होते. पाणी काढून फडक्यात गच्च बांधले आणि पुरचुंडी चाळणीत ठेवली. तेवढ्यावर धाकट्याचा दिवस निघाला. घटकाभराने जायचा, फडक्याला नाक लावायचा, 'वास येतोय, मोड नाही आले' असा अहवाल द्यायचा.

शनिवारी बाहेर धो धो पाऊस आणि नाक्यावर हंडीचा डीजे. कोमट पाण्यात वाल टाकले, खाली जुनी चादर अंथरली आणि तिघं बसलो. वाल ज्यांनी सोललेत त्यांना माहीत आहे, टोकाला चिमटा काढला की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि जोर जरा जास्त झाला की उडते. मुलीला हे कळायला वेळ लागला नाही. एक फ्रिजखाली गेली, एक धाकट्याच्या कपाळावर. मग सोलणं राहिलं बाजूला, नेमबाजीच सुरू झाली. मी ओरडलो नाही, कारण मीही मारत होतो.

जोर ओसरल्यावर मात्र मुलगी नीट सोलायला लागली, मोड न तोडता. आणि बोलायलाही लागली. स्कूलबसमध्ये शेजारी कोण बसतं, ती आता कट्टी का आहे, बाईंनी कोणाला उभं केलं. 'आज शाळेत काय झालं?' या प्रश्नाला रोज 'काही नाही' म्हणणारी हीच मुलगी. समोर बसवून विचारलं की मुलं गप्प होतात, हात गुंतलेले असले की आपणहून सांगतात, असं माझं पक्कं मत झालंय.

त्याच संध्याकाळी साडूंचा घाटातून फोन. पुढे गाड्या, मागे गाड्या, लेक मागच्या सीटवर ओकलेला, ताईंचा आवाज चढलेला. आणि साडू म्हणतात, 'वातावरण एक नंबर आहे!'

रविवारी दुपारी ती मंडळी आमच्याकडेच जेवायला उतरली. उसळ झाली होती: हिंग-हळदीची फोडणी, तिखट, गूळ, आमसूल, वरून ओलं खोबरं, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर. डाव घालून ढवळलं तर डाळिंब्या मोडतात, पातेलंच हलवायचं असतं, हे मुलगीच सगळ्यांना समजावत होती. साडू दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, 'काय राव, सुट्टीत बायकांसारखे वाल सोलत बसलात! पोरांनाही जुंपलंत. त्यांना जरा निसर्ग दाखवा.'

तेव्हा पाहुणे म्हणून गप्प बसलो, इथे बोलतो. घाटात पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट दिसतात, निसर्ग नाही. आणि पावसाळ्यातलं पाणी लहान पोरांना घेऊन खेळायची गोष्ट नव्हे. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. 'आम्ही लांबूनच बघतो' हे साडूंचं त्यावरचं उत्तर. राहता राहिलं 'बायकांसारखे'. बायको लोकांना सलाईन लावत उभी असताना तिच्या नवऱ्याने वाल सोलले, तर त्यात खाली मान घालण्यासारखं काय आहे ते अजून त्यांना सांगता आलेलं नाही.

तर रमवायचं कसं? रमवूच नका. रंगीत कागद, गोंद आणि मोबाइलवर शोधलेले 'उपक्रम' अर्ध्या तासात संपतात, पसारा आपण आवरतो. घरात जे खरंच व्हायचंय, जे दोन-तीन दिवस चालतं आणि शेवटी ताटात येतं, त्यात मुलांना घ्या. वाल नको असतील तर गोपाळकाला करा: पोहे, लाह्या, दही, काकडी, डाळिंब, हात घालून कालवू द्या. गणपती जवळ आले असतील तर शाडू आणा. दुपारी टीव्ही लावा आणि झोपा. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर तासभर स्क्रीन, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय. मी दोन तास झोपलो.

एक सांगायचं राहिलं. चार वर्षांखालचं मूल असेल तर वाल-चणे त्याच्या हाती देऊ नका, घशात अडकतात, नाकातही घालतात. आणि दोघंही घरी असाल तर आईने ओट्याशी उभं राहायचं आणि बाबांनी मुलांशी 'क्वालिटी टाइम' घालवायचा, अशी वाटणी करणार असाल तर त्यापेक्षा खरंच लोणावळ्याला जा.

भांडणाचं म्हणाल, तर भांडू द्या, रक्त दिसेपर्यंत मध्ये पडू नका. हे मात्र बायकोला विचारून लिहिलेलं नाही.